फोटो धुण्याचं पाणी

आमच्या काष्टीच्या आसपास दुष्काळात झालेली लग्नं फोटोवरून ओळखता येतात. तारीख विचारायची गरज नाही. कुणाच्याही घरी जा आणि भिंतीवरची चौकट बघा. नवरा-नवरी पिवळी पडली असतील आणि कडेचे तपकिरी डाग चढत चढत बाशिंगापर्यंत आले असतील, तर समजायचं की लग्न दुष्काळातलं आणि फोटो आमच्या भाडेकरूने काढलेला. असे पिवळे संसार मी कितीतरी घरांत पाहिलेत. माझ्या घरातही एक भिंतीवर होता. तो आता काढून ठेवलाय.

त्यांना गावात सगळे फोटूवाले म्हणत. मी काका म्हणायची. पेठेतल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांच्याकडे होती. माझे वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून घरात मी आणि आई अशा दोघीच, आणि शेजारच्या घरात चुलते. पुढच्या खोलीत एखादा पुरुषमाणूस असलेला बरा, म्हणून चुलत्यांनीच हे गृहस्थ आणून बसवले. पुढे सगळ्यांत जास्त नकोसे झाले तेही त्यांनाच. काका उंच, वाळलेले, मान कायम एका बाजूला कललेली. पोटाशी धरून वरून वाकून बघायचा कॅमेरा वापरून मान तशी झाली, असं लोक म्हणत. मला वाटतं ती आधीपासूनच तशी असावी. सरळ समोर बघणं त्या माणसाला जमतच नव्हतं.

आमचं माजघर आणि त्यांची अंधारी खोली यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. तिकडे लाल दिवा लागला की काका बोलायला लागत. "या. आलात का? या, बसा." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पाहुणे आले असं समजून आईने चहाचं आधण ठेवलं होतं. मग कळलं की कागद औषधात बुडवला की त्यावर हळूहळू माणसं उमटतात आणि हे त्यांचं स्वागत चाललेलं असतं. "म्हातारं आलं न्हाई अजून," असंही मध्येच ऐकू यायचं. थोड्या वेळाने, "हां, आलं." आई कपाळाला हात लावायची. येडं म्हणजे काय, हे तिने मला त्या भिंतीकडे बोट दाखवून शिकवलं.

लग्नाचं बोलावणं असलं की काका आदल्या दिवशीच जात. हळदीच्या घरात कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरत बसत. एका वाडीवर गोठ्याशी घुटमळताना लोकांनी त्यांना चोर म्हणून धरलं होतं. एका रोलमध्ये बारा फोटो यायचे, आणि त्यातले तीन-चार तरी हे भलतीकडे घालवणार हे ठरलेलं. चुलीपुढे बसून डोळे पुसणारी बाई. ती धुराने पुसतेय की कशाने, ते फोटोत कळायचं नाही. मांडवाच्या मेढीला टेकून झोपलेला म्हातारा, मुठीत अक्षता तशाच. ताशा मांडीवर घेऊन भाकरी खाणारा वाजंत्री. कुणी विचारलं तर काका म्हणत, "नवरा-नवरीला सगळं गाव बगतंय. माजी काय गरज?"

हसा, असं ते कधी म्हणत नसत. "डोळं मिटा," म्हणत, आणि "उगडा" म्हणताच खटका दाबत. त्यामुळे त्यांच्या फोटोतली माणसं आत्ताच झोपेतून उठून आपण कुठे आलो असं बघताना दिसतात. लग्नात खरं तसंच वाटतं, हे मला माझं लग्न झाल्यावर पटलं.

एकदा चपलांच्या फोटोवरून बरंच रामायण झालं. एका बागायतदाराच्या मुलाचं लग्न होतं. फोटो हातात पडल्यावर मुलाचा बाप तडक आमच्या ओट्यावर आला. मी आणि आई आत डाळ निवडत होतो.

"मी तुमाला पोराच्या लग्नाला बोलिवलं का जोड्यांच्या?" त्याने फोटो काकांच्या तोंडापुढे धरला. मांडवाच्या दारातला चपलांचा ढीग होता त्यात.

काका म्हणाले, "डावीकडचा जोड बगा. टायरचा. तारेनं शिवलाय."

"मग?"

"वळखा की कुनाचा हाय."

बागायतदाराने फोटो डोळ्यांजवळ नेला. तो जोड त्याच्या थोरल्या भावाचा होता. वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होतं, लग्नाचं बोलावणंही गेलं नव्हतं. तरी भाऊ आला होता. मागे उभा राहून अक्षता टाकून तो न जेवता निघून गेला, आणि कुणाला पत्ता नव्हता.  बागायतदार भांडण तिथेच टाकून फोटो घेऊन गेला. भावांचं जमलं का, असं लोक मला विचारतात. नाही जमलं. वर्षाच्या आत थोरला वारला. अशा गोष्टी गोड व्हाव्यात असं आपल्याला वाटतं, पण आमच्याकडे तरी त्या होत नाहीत.

काकांचा स्वतःचा लग्नाचा फोटो खोलीत आतल्या बाजूला टांगलेला होता. एकदा त्यांना डाळ-कांदा द्यायला गेले तेव्हा मी विचारलं, "या काकू का?"

"त्या पदरातली व्हय? तिचं त्वांड मलाबी दिसत न्हाई."

खरंच दिसत नव्हतं. बाशिंग, मुंडावळ्या आणि नाकापर्यंत पदर. ती पहिल्या बाळंतपणाला सोनईला माहेरी गेली आणि तिकडेच वारली. तिचा दुसरा फोटो कुणी काढलेला नव्हता. काकांनी चौकट खिळ्यावरून उतरवली आणि अगदी खाली, जिथे कुणी बघत नाही तिथे बोट ठेवलं.

"हितं बग. पाय. उनाळ्याचं लगीन, भुई तापल्याली. तिनं एक पाय दुसऱ्या पायावर ठिवलाय. चटका बसत हुता तिला. मी शेजारी उभा हुतो, मला कळलं न्हाई."

मी वाकून बघितलं. 

"फोटूवाल्यानं मुद्दाम काडल्यालं न्हाई हे," ते म्हणाले. "चुकून आलंय."

त्यांनी चौकट परत खिळ्याला लावली. त्या दिवसानंतर मी त्यांच्या भलत्यासलत्या फोटोंना हसले नाही.

मग दुष्काळ पडला. माणसं पाझर तलावावर आणि खडी फोडायला गेली, गोठे रिकामे झाले, परसातल्या विहिरीत घागर टाकली की तळाला खडखड वाजायची. टँकर यायचा, पण त्याचा भरवसा नव्हता. आईने अंगणातला रांजण माजघरात आणून ठेवला, त्यावर झाकण आणि झाकणावर वरवंटा. काकांच्या वाटणीची एक घागर ती मोजून मापून द्यायची आणि देताना बोलून घ्यायची.

तोवर मला माहीत नव्हतं की फोटोला माणसापेक्षा जास्त पाणी लागतं. कागद औषधातून काढला की तो पुन्हा पुन्हा, ताज्या पाण्यात, तासभर धुवावा लागतो. औषध कागदात राहिलं तर फोटो दिसायला चांगला दिसतो, पण आतून खात जातो. आधी काका परसातल्या विहिरीवर बादल्यामागून बादल्या शेंदायचे. आता एका परातीतल्या पाण्यात सगळ्या गावाची लग्नं बुडवून काढायचे. फोटो देताना ते प्रत्येकाला सांगत, "पाऊसपानी झालं की ह्ये परत आना. धुऊन देतो. आत्ता ह्यास्नी आयुष्य न्हाई." लोक हसायचे. फोटूला आंघोळ घालतंय म्हणे येडं. शिवाय लग्नाच्या फोटोला आयुष्य नाही, असं तोंडावर सांगणारा माणूस कुणाला आवडेल?

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. दुष्काळ आहे म्हणून मुलगी थांबत नाही. स्थळ नगरचं, मुलगा शाळेत नोकरीला, मग तर चुलते थांबणारच नव्हते. कन्यादान चुलता-चुलती करणार होते. आई विधवा, तेव्हा तिने मांडवात यायचं नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, फोटोत उभं राहायचं नाही. हे तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही. तिनेच आधी ठरवून टाकलं. मी म्हटलं, निदान एक फोटो, तू आणि मी, हळदीच्या आधी. तर ती म्हणाली, "नगं. तुज्या संसाराला माजी सावली नगं." वाद घालायला लागले तर तिने चुलीतलं लाकूड उगीचच पुढे-मागे केलं आणि उठून गेली.

ज्या बाईने मला एकटीने वाढवलं, तिचा माझ्या लग्नात कुठे मागमूस नसावा, हे मला सहन होत नव्हतं. मी पुढच्या खोलीत गेले आणि काकांना सांगितलं, "माझे एकटीचे फोटो नसले तरी चालतील. आईचा एक काढा."

ते मान कलती ठेवून कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. "तिला उभं करायचं न्हाई मी," ते म्हणाले. "जुलूम हुईल."

"मग?"

"बगू."

लग्न दुपारच्या मुहूर्तावर, दारापुढच्या मांडवात झालं. त्या वर्षी अक्षतांना कुंकू लावायची गरज नव्हती. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, तीच अक्षता म्हणून वाटली. अंतरपाटापलीकडून मी डोळे वर करून काका कुठे दिसतात का ते शोधत होते. पहिलं मंगलाष्टक झालं तेव्हा ते होते. दुसऱ्याला नव्हते. शेवटी ताशे वाजले, अंतरपाट निघाला, माळा पडल्या, सगळे फोटूवाले फोटूवाले करत होते, तेव्हा ते घराच्या बाजूच्या बोळातून लगबगीने आले. चुलत्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चारचौघांत ते काही बोलले नाहीत एवढंच.

बोलले ते फोटो आल्यावर, मी मांडवपरतणीला आले होते तेव्हा. अल्बममध्ये नवरा-नवरी होती, पाहुणे होते, चुलता-चुलती होती. अंतरपाटाचा फोटो नव्हता, अक्षता पडतानाचा नव्हता. "सगळं लगीन ज्याच्यासाठी, त्येच न्हाई," असं म्हणत चुलत्यांनी अल्बम आपटला आणि आईला बजावलं, "खोली खाली करून घ्या." मी त्या अल्बममध्ये दुसरंच शोधत होते. आई त्यात नव्हती. मला काकांचा फार राग आला. दोन्ही घालवलं यांनी, असं वाटलं, आणि परत सासरी जाताना मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही.

पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा आईचा तोफखाना सुरूच होता.

"अगं, त्या येड्याला काय म्हनावं? टँकर चार दिस आला न्हाई. मी त्याला प्यायाची घागर दिली, तर ह्यो बाबा परातीत एक फोटू ठिवून त्याच्यावर सगळी घागर वतीत बसला. जरा वतायचं, फेकायचं, परत वतायचं. प्यायाचं पानी! मी म्हनलं, आता पिनार काय? तर म्हनतो, ऱ्हाऊ द्या, तहान न्हाई."

"कुणाचा फोटो होता?"

"मी कशाला बगू? आसंल कुना पाटलाचा."

"खोली खाली करायला सांगितलीस का?"

"सांगीन," आई म्हणाली आणि रांजणावरचा वरवंटा नीट केला. तिने कधीच सांगितलं नाही.

परत निघाले तेव्हा काका एसटीच्या थांब्यावर आले. ओठ फुटलेले, गाल आणखी बसलेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात दिलं. "सासरी ने. हितं नगं उगडू," म्हणाले आणि मी काही विचारायच्या आत वळून गेले.

एसटीने गाव सोडल्यावर मी कागद सोडला. आमचं परस होतं. मांडवाच्या अगदी उलट्या बाजूला, वाळलेल्या तुळशीपाशी, पाठमोरी आई. पदर डोक्यावरून खांद्यावर घसरलेला. उजवा हात उंच उचललेला, बोटं नुकतीच उघडलेली, आणि हवेत काळे काळे ठिपके. ज्वारीचे दाणे. पुढून मंगलाष्टकं ऐकू येत होती आणि ती रेशनच्या पिशवीतली मूठ घेऊन, घरावरून, मांडवाच्या दिशेने, माझ्या डोक्यावर अक्षता टाकत होती. घराचं धाबं मध्ये होतं. एकही दाणा माझ्यापर्यंत आला नसणार. मी एसटीत तोंडात पदर कोंबून रडले. शेजारची बाई म्हणाली, माहेर सुटलं की असंच होतं.

हा फोटो मी आईला दाखवणारच होते. पण वर्षाने माझं पहिलं मूल जन्मताच गेलं आणि मग माझं धाडस होईना. तिने चोरून टाकलेल्या त्या मुठीचा पुरावा तिच्यापुढे ठेवायचा म्हणजे तिने दोष स्वतःकडेच घेतला असता. मी फोटो ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला.

पुढे पाऊस झाला, विहिरी भरल्या. काका लग्नघरांच्या दारोदार जाऊन म्हणाले, फोटो द्या, धुऊन देतो. एकानेही दिला नाही. मग ते पिवळे पडायला लागले. पहिल्यांदा कडा, मग पागोटी, मग तोंडं. ज्यांनी हसून परत पाठवलं होतं तेच भांडायला आले. कुणीतरी खोलीबाहेरची नमुन्याच्या फोटोंची काच फोडली. काकांनी त्यांना आठवण करून दिली नाही की मी सांगितलं होतं. एका सकाळी कुलपाची किल्ली आईच्या उंबऱ्यावर ठेवून ते गेले. आई म्हणाली, "जाताना पानीसुदीक मागितलं न्हाई." त्यानंतर कितीतरी दिवस तिला माजघरात बसून जेवण जात नव्हतं. भिंतीपलीकडे कुणी बोलायचं नाही.

मला ते भेटले शिर्डीला. दुसरं मूल नीट झालं, त्याचा नवस होता. देवळाबाहेरच्या फुलांच्या दुकानांच्या ओळीत एक फोटोचं दुकान होतं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं, राजवाडा आणि विमान. पुढे हात जोडलेलं एक कुटुंब उभं होतं, आणि कॅमेऱ्यावर वाकलेली ती कलती मान मी लांबूनच ओळखली. मालक दुसराच कुणी होता. तो ओरडून सांगत होता, हसा, हसा.

मी पाया पडले. तेव्हा राहिलेला नमस्कार होता तो. मग म्हटलं, "इथंही कोपऱ्यातले फोटो काढता का?"

"हितं कोपराच न्हाई," ते म्हणाले. "पडदा हाय."

मग त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्यो पिवळा पडला का?"

"नाही. बाकीचे सगळे पडले. तो नाही."

त्यांनी नुसती मान हलवली. "आईनं बगितला?"

मी सांगितलं की नाही, आणि का ते पण सांगितलं. ते ऐकत असताना मालकाने हाक मारली. पडद्यापुढे नवीन माणसं येऊन उभी होती.

"दाखीव," ते म्हणाले. "हात चांगला आलाय." आणि ते गेले. एवढीच आमची भेट. ते वारल्याचं नंतर कुणाकडून तरी कळलं, कुठे आणि कधी ते मात्र कळलं नाही.

तरीही मला फोटो दाखवायला फार वर्षं लागली. आई थकून माझ्याकडे नगरला येऊन राहिली, नातवंडं कॉलेजात गेली, तेव्हा एका दुपारी मी ट्रंक उघडली आणि तो तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो खिडकीकडे धरला.

"पदर पडलाय," ती आधी म्हणाली. मग, "मला वाटलं कुनी बगत न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले.

"तुजं पयलं गेलं ना," ती फोटोकडेच बघत म्हणाली, "तवा मला वाटलं, माज्या ह्या मुठीनंच गेलं. कुनाला बोलले न्हाई."

जे तिला कळू नये म्हणून मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं, ते ती इतकी वर्षं एकटीच उराशी घेऊन बसली होती. मी तिचा हात धरला. 

समोरच्या भिंतीवर तेव्हा आमचा लग्नाचा फोटो होता, पार पिवळा, माझं तोंडही नीट दिसेना असा. आईने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि एकदा मांडीवरच्या फोटोकडे. यातली ज्वारी अजून काळीभोर होती, आकाश पांढरंशुभ्र. तिने अंगठ्याने कागदाची कड हळूच चाचपली, पुन्हा भिंतीकडे बघितलं, आणि तिला समजलं.

"प्यायाची घागर हुती ती," ती म्हणाली. "लई पानी घातलं गं त्यानं."